धुतलेला हात नळाला लागू नये

कारखान्यात त्यांना सगळे वीस म्हणायचे. वयाने लहान असलेले वीसकाका म्हणायचे. साहेबांना त्यांचं खरं नाव आठवायला हजेरीची वही उघडावी लागायची.

आमच्या कारखान्यात फळं कापतात. सोलायची, कापायची, डब्यांत भरायची, झाकण लावायचं आणि गार खोलीत ठेवायची. हे डबे दवाखान्यांत जातात, विमानांत जातात, मोठ्या ऑफिसांच्या कँटीनमध्ये जातात. कापायला एकशे दहा माणसं आहेत, बहुतेक बायका. एका बाजूला संडासांची रांग, दुसऱ्या बाजूला कापायचा हॉल आणि दोन्हींच्या मधे एक अरुंद खोली. त्या खोलीत भिंतीला धरून लांबलचक बेसिन आणि सहा नळ. हॉलमध्ये जायला दुसरी वाट नाही.

वीसकाका त्या खोलीत उभे असायचे. हात नीट धुतले जातात की नाही ते बघायचं, धुतलेल्या हातांत पुसायचा कागद द्यायचा, हातावर जखम असेल त्याला परत पाठवायचं आणि वहीत त्याचं नाव लिहायचं. एवढंच काम. सगळ्यांनी साबण लावला की ते मोठ्याने मोजायला लागायचे. एक, दोन, तीन. घाईत असलेल्या बायका चौदा-पंधरावरच हात पाण्याखाली धरायला बघायच्या. मग काका सतरा-अठराला मुद्दाम रेंगाळायचे.

"काका, अठरा आणि एकोणीसमध्ये जेवून आलात का?" रेडिओ विचारायची. रेडिओ म्हणजे पपईच्या टेबलावरची बाई. तिचं तोंड सकाळी सुरू झालं की सुट्टीलाच बंद व्हायचं.

"तू बोललीस म्हणून विसरलो," काका म्हणायचे. "आता पुन्हा एकपासून."

आणि खरंच पुन्हा एकपासून मोजायचे.

साहेबांनाही सूट नव्हती. एकदा साहेब पाहुण्यांना घेऊन हॉलमध्ये निघाले होते. हातांवर पाणी घेतलं आणि कागदासाठी हात पुढे केला. काकांनी कागद दिला नाही. "साहेब, अजून नऊ राहिले." पाहुणे हसले. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. ते नऊ आकडे काकांनी शांतपणे मोजले.

आधी काका अननसाच्या टेबलावर होते. अकरा वर्षं. अननसाचा रस कातडी खातो. त्यांच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच गेल्या होत्या. दाराशी हजेरीचं यंत्र आहे, त्यावर ते अंगठा ठेवायचे आणि यंत्र लाल दिवा लावून 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं. शेवटी वॉचमन त्यांची हजेरी वेगळ्या वहीत लिहायला लागला.

"मी चोरी करायला मोकळा आहे," काका मला म्हणाले होते. "ठसेच सापडायचे नाहीत."

पुढे बोटांची पकड गेली. सुरी दोनदा निसटली. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, बेसिनपाशी उभं राहायला जमत असेल तर राहा, नाहीतर घरी बसा. काका बेसिनपाशी उभे राहिले. ही जागा गेली की कारखान्यात त्यांच्यासाठी दुसरी जागा नव्हती. हे त्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

मी तिथे आले तेव्हा माझं साहित्यातलं एम.ए. होऊन दीड वर्ष झालं होतं. कॉलेजात नोकरी मिळाली नाही. इथे ऑफिसात लिहिण्याचं काम होतं. डब्यांवरचा मजकूर, पत्रं, सूचना. मी घरी सांगितलं होतं की तात्पुरतं आहे.

ऑफिसात माझ्याशी कुणी फारसं बोलत नसे. दुपारचा डबा मी बेसिनच्या खोलीतल्या बाकावर बसून खायला लागले, कारण तिथे खिडकी होती. अशी आमची ओळख झाली. काका उभ्या उभ्या खायचे आणि विचारायचे, "आज काय वाचलंस?" मी वाचत असलेली गोष्ट सांगायची. ते फार लक्ष देऊन ऐकायचे. एकदा सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "पोरी, एक विचारू का? तुझ्या पुस्तकातली माणसं प्रेम करतात, भांडतात, मरतात. पण कुणी कधी हात धूत नाही. एवढी पानं लिहितात, एकजण तरी संडासातून येऊन हात धुतो का?"

मी खूप हसले. त्या दिवसापासून वाचताना मी ते शोधायला लागले. अजून कुणी सापडलेलं नाही.

एका दुपारी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हा ते अननस कापायचे. एका दवाखान्यात आमचे डबे खाऊन एका वॉर्डातली माणसं आजारी पडली. कुणी दगावलं नाही, पण तीन दिवस हाल झाले. चौकशी झाली. कुणाच्या हाताने झालं ते कळलं नाही.

"त्या दिवशी मला घाई होती," काका म्हणाले. "संडासातून आलो आणि हातांना नुसतं पाणी दाखवून टेबलावर गेलो. सगळेच तसं करायचे तेव्हा. पण मी केलं होतं हे मला माहीत होतं. चौकशीत मूग गिळून बसलो. बायकोलाही सांगितलं नाही. आज तुला सांगतोय."

त्यांच्या हातातला घास तसाच होता. मी म्हटलं, "काका, तुमच्यामुळेच झालं असेल असं थोडंच आहे?"

"नसेलही," ते म्हणाले. "पण झालं नाही असं म्हणायला माझ्याकडे काही नाही ना."

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा बोर्ड लागून दोन महिने झाले होते. आता त्या बोर्डाबद्दल लिहायला हवं. मी ते पुढे ढकलत होते.

एका मोठ्या गिऱ्हाइकाने आम्हाला अकरा पानी इंग्रजी कागद पाठवला होता. माल घ्यायचा तर कारखान्यात स्वच्छता कशी हवी त्याचे नियम. संडास किती, माणसं किती, साबण कसला, पाणी कसलं, सगळं होतं. साहेबांनी तो माझ्यापुढे टाकला. "याचा एक बोर्ड कर. दहा-बारा ओळी. बायकांना वाचता आला पाहिजे, आणि वाचून जरा वचक बसला पाहिजे."

सहाव्या पानावर नळांचा परिच्छेद होता. नळ हाताने पिळायचे नसावेत, कोपराने किंवा पायाने चालणारे असावेत, अशी त्याची सुरुवात होती. मी साहेबांना विचारलं. आमचे नळ पिळायचे. जुने, पितळी, घट्ट.

"ते सगळं गाळ," साहेब म्हणाले. "नळ आता बदलत नाही. त्याबद्दल तू काहीतरी एक ओळ लिही, म्हणजे मुद्दा घेतल्यासारखं दिसेल."

मी परिच्छेद गाळला. एक ओळ लिहिली. धुतलेला हात नळाला लागू नये.

ती ओळ मला आवडली होती. मी ती दोनदा मोठ्याने वाचून बघितली. पाच शब्द, एकही जास्त नाही. साहेबांनी तोंड भरून कौतुक केलं. शिकलेलं माणूस ठेवल्याचा उपयोग झाला म्हणाले. घरी जाताना मी खूश होते.

बोर्ड बेसिनच्या वर लागला. काकांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, एकेका नियमाला मान हलवत. चौथा नियम, अस्वच्छ वस्तूला हात लागल्यास पुन्हा वीस मोजेपर्यंत हात धुवावेत. मान हलली. सहावा नियम वाचला आणि ते थांबले. नळांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"पोरी, हात धुतला. आता नळाला लावायचा नाही. मग नळ बंद कोण करणार?"

मी दारात उभी होते. मला उत्तर माहीत होतं. हे नळच असे नकोत, हे उत्तर होतं. बायका बघत होत्या. मी हसून म्हटलं, "बघा काका, तुम्हीच काहीतरी."

काकांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना उपाय सापडला होता. नळ तेच उघडणार आणि तेच बंद करणार. सहा बायका बेसिनपाशी यायच्या. काका सहा नळ सोडायचे, वीस मोजायचे, सहा नळ पिळून बंद करायचे. पण नळाला लागलेला हात अस्वच्छ. त्या हाताने धुतलेल्या हातांत कागद कसा देणार? म्हणून ते चौथ्या नियमाप्रमाणे स्वतःचे हात धुवायचे. वीस मोजून. त्यांच्यासाठी नळ बंद करायला कुणी नव्हतं, तो ते दंडाने ढकलून ढकलून बंद करायचे; सहाही नळांना तेवढा वेळ नसायचा. मग सहा कागद द्यायचे. मग पुढच्या सहा बायका.

"आज राजवाड्यात आल्यासारखं वाटतंय," रेडिओ म्हणाली. "नळ सोडायलासुद्धा माणूस! उद्यापासून वारा घालायला कोण येणार?"

रांग लांबली की तीच ओरडायची, "काका, झाली का तुमची आंघोळ?"

सगळे हसायचे. मीही हसायचे. माझं वाक्य कुणीतरी इतकं मनावर घेतलंय याचं मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटत होतं हे खरं.

मी हिशेब फार उशिरा केला. एकशे दहा माणसं, एका वेळी सहा, म्हणजे एकोणीस पाळ्या. दिवसातून चार वेळा. काका रोज पाऊणशे वेळा हात धूत होते. तो गुलाबी साबण जंतू मारायचा असतो. बाटलीवर लिहिलेलं होतं, वारंवार वापरल्यास त्वचा कोरडी पडू शकते. ती बाटली मी रोज जेवताना समोर बघत होते.

त्यांची कातडी आधीच अननसाने खाल्लेली होती.

पहिल्यांदा मला नळावर दिसलं. तिसऱ्या नळाच्या पितळेवर एक बारीक लाल रेघ होती. मी विचारायच्या आत काकांनी ती पाण्याने धुतली.

"हात दाखवा, काका."

"तपासणी मी करायची की तू?" त्यांनी हात पाठीमागे नेले. "घरी बायको खोबरेल लावते. होईल बरं."

त्याच आठवड्यात रेडिओला सुरी लागली. अंगठ्याला एवढासा काप होता. आठवा नियम, हाताला जखम असलेल्या व्यक्तीस हॉलमध्ये प्रवेश नाही. काकांनी वही काढली.

"अहो काका, एवढंसं तर आहे. नखाएवढं."

"नखाएवढं असो की हाताएवढं."

"तीन दिवस लेबलं चिकटवत बसायची मी? तिथे बोलायला कुणी नाही."

"लेबलांशी बोल. ती उलट बोलत नाहीत."

बायका हसल्या, पण रेडिओ हसली नाही. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या हातावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवता. तुमचे स्वतःचे उघडून दाखवा की एकदा!"

काकांनी वहीत तिचं नाव लिहिलं. पेन त्यांनी मुठीत धरलं होतं, लहान मूल धरतं तसं. मग वही मिटली आणि मोजायला लागले. एक. दोन.

त्या दुपारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. नळांबद्दल बोलायचं ठरवून गेले होते. साहेब फोनवर होते, खुशीत होते. गिऱ्हाइकाकडून तपासणी येणार होती, सोमवारी. फोन ठेवून ते म्हणाले, "तुझ्या बोर्डाचे फोटो पाठवलेत त्यांना. छान म्हणाले. बोल, काय काम होतं?"

मी म्हटलं, "नवीन लेबलांवर अक्षरं जरा मोठी करू का?"

ते म्हणाले, कर. मी बाहेर आले.

सोमवारी तपासणीला एक बाई आल्या. हळू आवाजाच्या, खांद्याला साधी पिशवी. आधी संडास बघितले, दारांच्या कड्या बघितल्या, साबणाच्या बाटल्या हलवून बघितल्या. मग बेसिनच्या खोलीत आल्या. सोबत साहेब आणि कागद धरायला मी.

काकांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाई बेसिनपाशी गेल्या तसे ते पुढे झाले, नळ सोडला, वीस मोजले, नळ बंद केला. बाईंनी वीस पूर्ण होऊ दिले. मग त्यांची नजर नळावरच्या हातावर गेली.

"जरा दाखवता का?"

काकांनी हात पुढे केले. ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. बोटांच्या पेरांवर कातडी फाटली होती, उन्हात तडकलेल्या रबरासारखी. दोन ठिकाणी ओलं होतं. उजव्या तळव्यावर नळाच्या चावीचा वळ उठला होता.

"हे कधीपासून करताय?"

"बोर्ड लागल्यापासून," काका म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता. "धुतलेला हात नळाला लागू नये, असा नियम आहे ना."

बाईंनी बोर्ड वाचला. मग पिशवीतून ती अकरा पानं काढली. सहावं पान उलगडलं.

"नळ बदलेपर्यंत काय करायचं ते इथे दिलंय. हात पुसलेल्या कागदाने नळ धरायचा, बंद करायचा आणि कागद टाकून द्यायचा. हे यांना कुणी सांगितलं नाही?"

खोलीत कागदांचा गठ्ठा होता. काका रोज तोच वाटत होते.

ते वाक्य मी वाचलंच नव्हतं. परिच्छेद गाळायचाच होता, म्हणून पहिल्या दोन ओळींपुढे गेलेच नव्हते. साहेब माझ्याकडे वळले. "भाषांतर हिने केलंय," ते म्हणाले.

मला फक्त 'नाही सांगितलं' म्हणायचं होतं. दोन शब्द. मी हातातले कागद सारखे करत राहिले.

काका माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे.

"सांगितलं होतं, मॅडम," काका म्हणाले. "या बाईंनीच सांगितलं होतं. कागदाने धरा म्हणून. माझ्याच ध्यानात राहिलं नाही. वय झालं."

ज्यांनी साहेबांना नऊ आकडे सोडले नाहीत, ते असं म्हणाले. मी तिथे उभी होते. मी ते तसंच राहू दिलं.

बाईंनी लिहून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचाच आठवा नियम बघा. या हातांनी तुम्हाला इथे उभं राहता येणार नाही."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

त्यांनी वही काढली. रेडिओच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण नाव. कारणाच्या रकान्यात लिहिलं, हाताला जखम. तारीख घातली. वही माझ्या हातात दिली आणि हॉलच्या दारातून न जाता, संडासांच्या बाजूने बाहेर गेले.

पंधरा दिवसांत नवे नळ आले. लांब दांड्याचे, कोपराने ढकलायचे. वर एक घड्याळ लागलं. दांडा ढकलला की ते वीस सेकंदांनी टुंग करतं. तिथे माणूस लागत नाही. काकांना साहेबांनी निरोप पाठवला, घाई करू नका, आराम करा. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. कुणी काम सोडलं की हजेरीच्या यंत्रातून त्याचे ठसे काढावे लागतात. काकांचं तिथे काही नव्हतंच.

गिऱ्हाइकाला उत्तर पाठवायचं होतं. साहेबांनी मलाच लिहायला सांगितलं. मी लिहिलं. 'नळाच्या वापराबाबत आवश्यक ती सूचना देण्यात आली होती. तथापि संबंधित कामगाराकडून तिचे पालन झाले नाही.' साहेबांनी एक शब्दही बदलला नाही. त्या रात्री मला झोप लागली, हे मला अजून समजत नाही.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. त्याआधी दोनदा गल्लीच्या तोंडापासून परत फिरले होते.

दोन खोल्यांचं घर. दार काकूंनी उघडलं. खांद्यावर नात होती, चार महिन्यांची. मुलगी बाळंतपणाला आली होती ती अजून इथेच होती, त्या वेळी बाहेर गेली होती. काकूंनी मला पायांपासून वर बघितलं.

"बोर्ड लिहिणारी ती तूच ना?"

"हो."

"ये. चपला बाहेर काढ."

काका खिडकीपाशी बसले होते. दोन्ही हातांना मऊ पांढरं फडकं गुंडाळलेलं. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "आली का! बस. आधी हात धू. बाहेरून आलीस."

नळ खोलीच्या कोपऱ्यात होता, पिळायचाच. मी नळ सोडला. काका बसल्या जागेवरून मोजायला लागले. वीस झाले तसे उठून आले आणि गुंडाळलेल्या हाताऐवजी कोपर वापरून नळ ढकलायला लागले. तीन-चार खटपटींनंतर तो बंद झाला.

"बघ, मलाही कोपराने जमतं! नवे नळ कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"घड्याळ वीसच मोजतं ना? कमी तर नाही?"

"वीस मोजतं."

"मग झालं. तुझं वाक्य खरं झालं बघ. धुतलेला हात आता नळाला लागत नाही."

"यांना घरात बसून तेवढंच दुसरं काही सुचत नाही," काकू स्वयंपाकाच्या ओट्यापाशी जात म्हणाल्या. "पोरीला दूध पाजायच्या आधीसुद्धा मुलीला वीस मोजायला लावतात. बाळ रडून लाल होतं, यांचं आपलं चालूच. बारा, तेरा."

काका हसले. मला हसता आलं नाही. मी सांगायला सुरुवात केली. नळ बदला असं त्या कागदात होतं. साहेबांनी गाळायला सांगितलं. मी गाळलं आणि त्या जागी ती ओळ घातली. मग तपासणीनंतर पत्र लिहिलं. त्यात काय लिहिलं तेही सांगितलं, शब्दाला शब्द.

"ते तर मीच म्हणालो होतो की," काका म्हणाले. "तू माझंच लिहिलंस."

ते फडक्याचं टोक चाचपत होते.

"कागदाने धरून नळ बंद करायचा. ते माहीत होतं तुला?"

"नाही. तिथपर्यंत मी वाचलंच नव्हतं."

त्यांनी मान हलवली. ते त्यांना पटलं असावं. नुसतं पाणी दाखवण्यासारखंच ते होतं.

मग त्यांनी विचारलं, "आणि नळांचं? पहिल्या दिवशी मी तुला विचारलं, सगळ्यांसमोर, नळ बंद कोण करणार म्हणून. तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

"तू हसलीस तेव्हा?"

"हो, काका."

काका खिडकीबाहेर बघायला लागले. खाली कुणीतरी सायकल पुसत होतं.

आत बाळ रडायला लागलं. काकूंनी हाक मारली, "अगं, जरा हिला घेतेस का? माझे हात कणकेचे आहेत."

मी उठले. मधे मी डोळे पुसले होते. कोपऱ्यात गेले, नळ सोडला, साबण लावला. मी कानोसा घेतला. मोजायचा आवाज आला नाही. मी मनात मोजले. वीस झाले. पाणी चालू होतं, मी हात तसेच पुढे धरून उभी राहिले. मागे खुर्ची हलली नाही.

मी हाताने नळ पिळून बंद केला. तेव्हा शेजारी खुंटीवरचं हात पुसायचं फडकं दिसलं.

मागे वळून बघितलं. काका माझ्याकडे बघत होते, माझ्या हातांकडे. बाळ आत रडत होतं.

मी पुन्हा नळ सोडला आणि एकपासून मोजायला लागले.